पावती

बाबा गेले त्याच दिवशी बंदुकीचं लायसन्सही गेलं,
हे मला तेरवीनंतर कळलं,
वारासिवनी ठाण्याच्या मुन्शीकडून.
"मालिक नहीं रहे, तो ये भी अनाथ है, बहनजी,"
म्हणत त्याने दुनाळी
मालखान्यात एका जप्त सायकलीला टेकवली.

मग चौदा महिने.

भाऊ दोघं. एक भिलाईला, एक हैदराबादला.
दोघांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं: आमची हरकत नाही.
शेताच्या वेळी
इतक्या लवकर कोणी सही केली नव्हती.

इकडे नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या खिडकीत,
डोंगरे बाबू चष्मा कपाळावर सरकवून:
"पुस्तकलाबाई की पुस्तकला?"
तिकडच्या हिंदी कागदात मी बाई होते,
इकडच्या आधारावर नुसतीच.
तिकडे बिसेन, इकडे राहांगडाले.
ती आणि मी एकच,
असं शपथेवर सांगावं लागलं मला.
लग्नाला एकतीस वर्षं झाली,
हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

चौकशीला हुडकेश्वर ठाण्याचा कोवळा शिपाई आला,
शेजारच्या उमाठेकाकूंना विचारून गेला
बाई भांडखोर आहे काय.
काकू म्हणाल्या, टँकर येते तेवढ्यापुरती.

साहेब म्हणाले, "काहून पाहिजे तुम्हाले बंदूक?"
त्यांच्यापुढे शब्द तयार होते:
पीकसंरक्षण, आत्मसंरक्षण, खेळ.
मी म्हटलं, वडलांची आहे.
ते पेन हातात धरून वाट पाहत राहिले,
जसं काही वाक्य अजून संपायचं होतं.

बाबांनी जन्मात एक डुक्कर मारलं नाही.
धानाच्या बांधावर उभं राहून आधी ओरडायचे,
डुकरांना पुरेसा वेळ द्यायचे,
मग आभाळात एक बार.
काडतूस महाग, म्हणायचे, वर्षाला दोन पुरतात.

त्यांच्या पेटीत मला सापडल्या
तारेला ओवलेल्या पावत्या.
दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा,
निकालानंतर परत.
लोकसभा, विधानसभा, जनपद, पंचायत,
एक पोटनिवडणूकसुद्धा.
सगळ्यात खालची इतकी पिवळी
की शिक्का तेवढा उरला होता, गाव नव्हतं.
बाबांचं कॅलेंडर हेच.
तू झालीस तेव्हा बंदूक जमा होती.
तुझी आई गेली तेव्हा, आठव, बंदूक जमा होती.

शेवटी वाहतुकीचा परवाना आला:
दुनाळी एक, बारा बोअर. काडतुसं निरंक.
मार्ग कटंगी, तुमसर, भंडारा.
नळी वेगळी, दस्ता वेगळा,
आईच्या फिक्या चादरीत, मागच्या सीटवर.
भाचा गाडी चालवत होता, नेहमीपेक्षा हळू,
जणू आजारी माणूस नागपूरला मेडिकलमध्ये न्यायचा आहे.

बावनथडीच्या पुलाअलीकडे नाका.
हवालदाराने कागद वाचला, पाठपोट, दोनदा,
चादरीचा कोपरा उचलला, परत नीट खोचला.
"आमच्या आज्यापाशीही होती," तो म्हणाला.
"मंग?"
"कोण करते एवढं. देऊन टाकली सरकारले."
त्याने हात हलवला, आम्ही निघालो.
खाली नदी जवळजवळ नव्हतीच, वाळू होती,
आणि वाळूत कोणाचं राज्य कुठे संपतं
ते ट्रॅक्टरवाल्यांनाच माहीत.

नागपुरात नोंद झाली. नवं पुस्तक, माझा फोटो,
त्यात मी फार रागीट दिसते.
दुनाळी घरी आली, कपाटात गेली,
मी तिला एकदा तेल दिलं, यूट्यूबवर पाहून.

अकराव्या दिवशी महानगरपालिकेची आचारसंहिता लागली.
ठाण्यातून फोन: मॅडम, शस्त्र जमा करा.

मी चादरीसकट नेऊन दिली.
शिपाई म्हणाला, पावती उद्या घेऊन जा.
मी म्हटलं, नाही. बसते.
दोन तास बाकावर बसले,
पंख्याखाली, एका मोबाईल हरवलेल्या पोराच्या शेजारी.

पावती मराठीत आहे.
नाव बरोबर लिहिलंय, बाईशिवाय.
घरी येऊन तार सोडली,
तिचं गंजकं टोक कागदातून जाईना,
तर दाताने
थोडं सरळ केलं.