दुखरा गुडघा

आमच्या दुकानात छतापर्यंत सुका मासा,
सरपणासारखा रचलेला, टणटणीत.
इकडे अबाच्या बाजारात त्याला ओक्पोरोको म्हणतात,
पातेल्यात खडखडतो म्हणून.
येतो थेट नॉर्वेहून, तोर्गेइरच्या वखारीतून,
आणि बिल येतं ईमेलवर.

त्या मंगळवारी बिलाखाली चार ओळी जास्तीच्या:
आमची बँक बदलली आहे.
पैसे या नव्या खात्यात, आजच पाठवा,
उगाच बोट अडायला नको.
आणि एझिन्ने बाई, तुमचा गुडघा काय म्हणतो?

गुडघा वाचून मी निर्धास्त झालो.
तो विचारतोच नेहमी.
नवा खातेक्रमांक घातला, दोनदा ताडून पाहिला
(चुकीचा आकडा बरोबर उतरवण्यात माझा हात कोण धरणार!)
आणि बटणावर बोट ठेवलं.

“थांब,” बाई म्हणाल्या. “कुठला गुडघा?”

माझं बोट अडलं.

“तो तर ऑगस्टमध्ये बदलून झाला.
आदल्या रात्री अर्धा तास फोनवर होता तोर्गेइर,
धीर द्यायला म्हणून,
आणि स्वतःच रडला.
तो कशाला विचारेल?”

मग त्यांनी मला पाठवणाऱ्याचा पत्ता वाचायला लावला,
मोठ्याने, एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखा.
एम हवा होता तिथे
आर आणि एन चिकटून उभे होते,
एका कोटात दोन चोर.

ईमेलखालच्या नंबरला बाईंनी हात लावला नाही.
जुनी वही काढली, तेलकट,
पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहिलेला नंबर.
पलीकडे वारा, समुद्रपक्ष्यांचा कलकलाट,
आणि तोर्गेइर: “चालताय ना? जिने चढताय?
बँक? कुठली बँक?”

महिनोन्‌महिने कुणीतरी त्याच्या पत्रांत बसून होता.
किलोचे भाव, भाचीचं लग्न, बाईंची दुखणी,
सगळं वाचलं होतं त्याने.
ऐकलं मात्र नव्हतं.

पासवर्ड बदलले, दोघांनीही.
आता बिल आलं की मी आधी फोन करतो,
बर्फ किती पडला ते विचारतो, पैशांचं शेवटी.

तरी वाटतं, तो कुठेतरी अजून वाचत असेल.
म्हणून ईमेलमध्ये
बाईंचा गुडघा मी मुद्दाम
दुखताच ठेवला आहे.