रेघा

चोपड्याला स्टँडमागे माझं दुकान.
मार्करपेनाएवढा मायक्रोस्कोप,
वायरीवर लोंबणारा.
केळी कापणाऱ्यांचे फोन येतात,
चार्जिंगच्या भोकात चीक वाळलेला,
काळा, डिंकासारखा कडक.
पडद्यावर तो
वणवा विझल्यावरचा सातपुडा वाटतो.
मधेच एखाद्या फुलकिड्याचा पंख,
अख्खा.

आज झुलालभाऊ आले. फोन झाला.
पैसे ठेवले, पण उठेनात.
"मन्हा आंगठा बी देख ना भाऊ,
रेशनना मशीनले दिसस नही."

भिंग टेकवलं. चाक फिरवलं,
थोडं मागे, केसभर पुढे.
आधी नुसतं पिवळट धुकं.
मग विळ्याची जुनी चीर, तिरपी,
तिच्या काठाला चिकाचा डाग
सात धुण्यांत न गेलेला.
आणि चिरेपलीकडे,
मागल्या दिवाळीच्या सारवणात
कुणाची बोटं अजून दिसावीत
तशा फिकट, वळत गेलेल्या
रेघा.

"शेतस?"
"शेतस ना. ह्या देखा."

झुलालभाऊ पडद्याच्या इतके जवळ गेले
की श्वासानं काच धुरकटली.
ती बाहीनं पुसली. पुन्हा पाहिलं.

मग फोन पुढे केला, नुकताच दुरुस्त झालेला.
"फोटू काढी दे.
मशीनले दखाडसू."