मधला 'प'

स्वेलडेलच्या वरच्या अंगाला, रस्ता संपून मेंढवाट लागते तिथे,
चर्चच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला टेकून
अ‍ॅग्नेस पीकॉकचा दगड उभा आहे.
चाळीस वर्षं तिने शिशाचं खनिज धुतलं
ओढ्याच्या बर्फगार पाण्यात, कमरेत वाकून.
हातांचा काळपटपणा शेवटपर्यंत गेला नाही.
घमेल्यात तिने कधी खडे मिसळले नाहीत,
आणि ज्यांनी मिसळले
त्यांची नावं मुकादमाला सांगितली नाहीत.
बाकी तिच्याबद्दल कुणाला फार ठाऊक नाही.

ती गेली तेव्हा म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी
कोशाच्या तळातून एक शब्द काढला,
पाहुण्यांसाठी ठेवणीतला चांदीचा चमचा काढावा तसा:
इन्टेमरेट.
जिला डाग नाही. जिला विटाळ शिवला नाही.
चिठ्ठी पाथरवट अ‍ॅल्डरसनकडे गेली.

त्याने ती दिव्याशी धरली, उलटी करून पाहिली.
असा शब्द त्याच्या छिन्नीखाली आला नव्हता.
बाबांची नजर अधू झाली, एक अक्षर राहिलं,
असं वाटलं त्याला. भला माणूस.
अक्षरामागे दोन पेनी घ्यायचा,
हे एक त्याने फुकट घातलं.
इन्टेम्परेट.
म्हणजे जिला धरबंध नाही. म्हणजे पिऊन तर्र.

रविवारी लोक वाचून थबकले.
गुत्तेवाला मेटकाफ म्हणाला,
"माझ्याकडे तर तिचं खातंसुद्धा नव्हतं."
मग हसू फुटलं ते आवरेना.
नव्या दगडाला पैसे कुठले?
रात्री कंदील घेऊन अ‍ॅल्डरसन गेला
आणि ते अक्षर चुन्याने बुजवून आला.
'प'. पापातला पहिला.
पवित्रातलाही तोच.

त्या शब्दाच्या पोटात शिरलं
तर लॅटिनमधला जुना अंधार लागतो,
आपल्या 'तम'चा लांबचा भाऊबंद, असं जाणकार म्हणतात.
अंधारात चाचपडत, न बघता टाकलेला हात:
त्याने जे नासतं ते विटाळलेलं.
तो हात जिथे पोचला नाही, ते हे.
आता अ‍ॅल्डरसनचा हात बघा.
भर उजेडात, चांगल्या मनाने,
मोजूनमापून टाकलेला.

दर हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठतं, चुना ढकलून देतं.
हौशी पर्यटक तेव्हाच फोटो काढतात.
मार्च सरताना त्याची पणती हेस्टर
शाळेची बस भिंतीशी लावून उतरते
आणि लोणी लावायच्या सुरीने 'प' पुन्हा भरते.

यंदा तिचा मुलगा बरोबर होता.
"ही आजी कशी होती गं?"
सुरी जीन्सला पुसत ती म्हणाली,
"एप्रिलपासून पहिल्या हिमापर्यंत, निष्कलंक."
"आणि हिवाळ्यात?"
हेस्टरने डबीचं झाकण लावलं.
"हिवाळ्यात, बाळा,
इथे थंडी फार असते."