हयातीचा दाखला

नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारी
मी खिडकीतून हाक मारली, "धोंडू आयरे!"
बाकावरचं बोलणं थांबलं.
उठलं कुणीच नाही.

दारातून बंदूक सांभाळत गमरे आले,
काउंटरवर वाकून हळूच म्हणाले,
"सुभेदार साहेब आहेत ते.
नुसत्या नावाने संध्याकाळपर्यंत हाक मारा,
बसून राहतील."

मी नाशिकची. समुद्र आणि फौज
दोन्ही लांबूनच पाहिलेले.
दापोलीच्या या शाखेत
दुपारी डबा खाताना गमरेंनी शिकवलं,
रद्द व्हाउचरच्या पाठीवर, माझ्याच लाल पेनाने.

खांद्यावर एक तारा: नायब साहेब.
दोन: सुभेदार साहेब.
सिंहाची मुद्रा असली की सुभेदार मेजर साहेब,
"पलटणीत एकच असतो,
कर्नलसुद्धा त्याला साहेब म्हणतो, मॅडम,
आणि खालच्या आवाजात म्हणतो."
दंडावर तीन पट्ट्या, हवालदार. दोन, नाईक.
त्यांना साहेब लावायचं नाही.
"का?"
"चेष्टा केल्यासारखं वाटतं."
मग त्यांनी सोलकढीचा पेला संपवला
आणि व्हाउचर घडी घालून मला दिलं.

हर्णैचे पावसे आरमारातले. ते मास्टर चीफ.
सुभेदार म्हटलं तर मान वळवून
मागे कोण उभं आहे ते बघतात.
निवृत्तीनंतर भावाच्या होडीवर जातात,
दोरखंडाने अंगठ्याच्या रेषा पुसल्यात,
यंत्र त्यांना जिवंत मानेना.
"मास्टर चीफ, पुन्हा एकदा."
अंगठा लुंगीला पुसून
त्या काळ्या डबीसमोर ते सावधान उभे राहिले.
चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला.
खोलीभर सुक्या जवळ्याचा वास.

परकार जाता जाता मानद कॅप्टन झालेले.
"कॅप्टन साहेब, इथे सही."
सोबत आलेल्या बायकोने चष्मा पुढे करत म्हटलं,
"ऐकलंत का, खाली, खाली करा सही."
ही पदवी गमरेंच्या व्हाउचरवर नव्हती.
कॅप्टननी मात्र तीच ऐकली.

अनुसया मर्चंडे भात झोडून तशाच आल्या,
केसांत तूस.
पडद्यावर पतीच्या हुद्द्यापुढे: नाईक.
"हवालदारी लागली होती त्यांना," त्या म्हणाल्या,
"पत्र आलं. ते आले नाहीत."
त्या रकान्यात मला काही लिहिता येत नाही,
तो करड्या रंगाचा, कुलूपबंद असतो.
मी गमरेंकडे पाहिलं.
ते पंख्याकडे पाहत होते.
मग स्टूल सरकवून उठले,
बाकावरची एक पिशवी बाजूला केली:
"बसा, हवालदारीणबाई."
बाई लगेच बसल्या नाहीत.
आधी पदर नीट केला.

तीस तारखेला रांग संपली.
महिनाभर मॅनेजर "ए गमरे, चहा सांग" म्हणत होते,
आणि लोक "वॉचमन, पेन आहे का?"
मी माझ्यातला अर्धा कप पुढे केला,
"घ्या, हवालदार."

त्यांनी कप घेतला नाही.
"लान्स नाईक," म्हणाले.
एजन्सीच्या निळ्या बाहीवर बोट आडवं ठेवून,
"एक पट्टी. एकच.
दुसऱ्याची पट्टी लावून चहा पिववत नाही."

"मग तुम्हाला काय म्हणायचे?"
"नावानेच हाक मारायचे. पण अख्ख्या."

दोन वर्षं हा माणूस माझ्या दारात उभा.
बिल्ल्यावर लिहिलेलं: गार्ड ४.
मी विचारलं.

त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली,
टाचा जुळवल्या, चपलांचा आवाज झाला नाही.
आधी नंबर, मग लान्स नाईक,
मग दत्ताराम भागोजी गमरे.

नंबर मला ऐकू आला नाही,
बाहेर हर्णैची गाडी मागे घेत होते,
कंडक्टर शिट्टी वाजवत होता.
मी पुन्हा विचारणार होते,
पण चहा निवत होता
आणि आता ते पीत होते.