मिटलेले ओठ

आमच्या घरात आवाज नव्हता.
भांडणं होती, पण ती बघावी लागायची.
बा मागखात्यात, माय रिळावर,
दोघांचे कान यंत्रांनी केव्हाच चघळून थुंकलेले.
पहाटेचा भोंगा बाला कळायचा
तो टिनाच्या भिंतीला लावलेल्या तळहाताला.

भालदारपुऱ्याच्या आमच्या गल्लीत
बाया चुलीशी बसून दारादारांतून
नुसते ओठ हलवत सांगायच्या
कोणाचं पोर रात्रभर तापलं,
कोणाचा पगार अर्धा कलालाकडेच राहिला.
आम्ही पोट्टे ओट्यावर बसून सारं वाचायचो.
पाटीवरचं अक्षर मला मागाहून आलं,
आणि आलं तेही अर्धंच.

या भाषेत एक खोट होती.
प, ब, म, तिन्ही ओठ मिटून निघतात.
एकदा माय म्हणाली, पीठ सरलं.
बा गांधीबागेपर्यंत पायी गेला
आणि शेरभर मीठ घेऊन आला.
त्या रात्री आम्ही हसलो, उपाशीच.

मागाच्या पायावर लोखंडात
एका विलायती गावाचं नाव ओतलेलं होतं.
हलसाल साहेब त्याच गावचा म्हणे.
नागपूरच्या उन्हानं त्याची मान
भाजल्या कांद्यासारखी सुटून यायची.
मुकादम कान्हूजी सांगे, याची मायही
तिकडं मागावर उभी राहायची, पाय सुजेपर्यंत.
कोणी पटवून घेत नसे.
साहेबाची माय, अन् माग?
पण रिळावरच्या बायांनी एक पाहिलं होतं :
बाकीचे साहेब खात्यात आले की ओरडत,
हा ओरडत नसे.
जवळ येऊन ओठ हलवायचा, मोठे मोठे, सावकाश,
आमच्यासारखे.

वैशाख होता. सूत तुटू नये म्हणून
खिडक्या बंद, आत वाफ,
भुवयांवर रुई बसून जवान बायाही म्हाताऱ्या दिसत.
हपिसातून पोऱ्या तार घेऊन आला.
साहेबानं ती वाचली, घडी केली, पुन्हा उघडली
आणि दोन यंत्रांच्या मधल्या बोळात उभा राहिला.
त्याचे ओठ मिटले. उघडले. मिटले.
परत तसंच.

माय सांगायची :
"मी डोळ्यानं पाह्यलं ना. मंमं म्हणून राह्यला होता.
आपली ठमी म्हणते, तसाच."

ठमी तेव्हा वर्षाची. घरी,
अफूच्या गोळीवर निजवलेली.
मायच्या डोक्यात काय झालं कोण जाणे.
चालतं रीळ सोडून ती उठली,
खुंटीवरचं फडकं सोडलं,
अर्धी ज्वारीची भाकर, वर जवसाची चटणी,
त्याच्या हातावर ठेवली.

सगळं खातं बघत होतं. यंत्रं चालूच होती.
त्यानं भाकरीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं,
आणि उभ्यानं खाल्ली.
चटणी तिखट होती. डोळे त्यानंच गळत असतील,
असं पुढं कान्हूजी म्हणायचा.
पण त्या घटकेला त्यानं वही काढली अन् लिहिलं :
भिवरा डोमा हेडाऊ, जागा सोडली, दंड दोन आणे.

पगाराच्या दिवशी खिडकीतला कारकून बोलला
की हलसाल साहेबाची आई वारली,
तारेला वाट धरून चार दिवस झाले होते,
आणि त्यांच्या मुलखात गिरणीवाल्यांची पोरं
आईला मॅम म्हणतात.
कारकून हसला. "तू त्याले भाकर चारली, बाई!"

माय घरी आली. पदराची गाठ सोडली,
पैसे मोजले, पुन्हा मोजले.
मग चुलीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली.
बाला दिसलं नाही. मला बाजूनं दिसलं :
"मंग माह्यं काय चुकलं?"

दोन आणे कटले ते कटलेच.
त्या महिन्यात पीठ कमी आलं.
मीठ होतं.