सातव्या खांबाची नळी

अहवाल माझ्याआधीच टाइप होऊन आला होता.
'सदर इमारत धोकादायक असून पाडणे योग्य.'
तारीख तेवढी रिकामी
आणि खाली माझ्या सहीपुरती जागा.

हातोडी, खडू, डब्यात थालीपीठ
घेऊन पोचले मार्केट यार्डात
तर हळदीच्या सौदा हॉलमध्ये चिटपाखरू नाही.
बारा छत्र्या फक्त.
सिमेंटच्या, वाऱ्यानं पालटाव्यात तशा उलट्या,
एकेका दांड्यावर तोललेल्या,
जाडी तीन इंच.
आमच्या ओट्याची कडा जाड आहे याहून.
वर पडलेला पाऊस दांड्याच्या पोटातून
निमूट उतरतो जमिनीत,
कान लावला तर ऐकू येतो म्हणे.

खालून गिलावा नाही.
फळ्या कधीच गेल्या, त्यांच्या रेषा राहिल्यात,
गाठी, शिरा,
एके जागी ठोकताना वाकलेला खिळा.
दस्तगीर मिस्त्रीनं सदुसष्ट साली
एकही फळी न वाकवता,
सरळ फळ्या जराजराशा तिरक्या लावत
हे वळण काढलं.
गणित कागदावर दुसऱ्याचं होतं.
हात ह्याचा.

सभापती म्हणाले, मॅडम,
ह्यात जपण्यासारखं काय आहे?
ना कळस ना कमान, ना कुण्या राजाचं नाव.
दगड असता तर गोष्ट वेगळी.
हे सिमेंट, आमच्या वडलांच्या वयाचं,
त्याला काय वारसा म्हणायचं?

मी काही बोलले नाही.
रात्री एसटीत सुचलं :
दगडालाही कधीतरी पन्नासावं वर्ष लागलं असेल.
तेव्हा कुणी पाडला नाही
म्हणून तो पाचशेचा झाला.

दुसऱ्या दिवशी भूपाल चौगुले भेटले,
जुने तोलार, ऐंशी पार.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे,
ते सगळे हात त्यांना अजून ओळखीचे.
आता भाव मोबाइलवर येतो.
खिशातून हळकुंड काढलं, माझ्या कानाशी मोडलं.
कट्ट.
"पॉलिश कुणीबी करतंय, बाई.
हळकुंड बघायचं न्हाई,
मोडताना ऐकायचं."

मग मी हातोडी घेतली
आणि हॉल ऐकला.
पहिला खांब टणक. दुसरा, तिसरा टणक.
चौथ्यावर दोराचा घासा,
एकोणीसच्या पुरात नाव बांधली होती तिथं.
पाच सालच्या पुराची तांबूस रेघ खाली,
एकोणीसची तिच्यावर हातभर,
आणि दोन्हींच्या वर तोच सूर.
पाच, सहा.

सातवा
भद्द.

शिडी लावून वर गेले.
नळीच्या तोंडाशी पिंपळाचं रोप,
चहाचे कप, कुठल्याशा निवडणुकीचा झेंडा,
आणि वाळून कडक झालेला कबुतराचा संसार.
छत्रीत घोटाभर पाणी,
किती वर्षांचं कोण जाणे.
खाली सळईला गंज.
बाकी आठ ते बारा, टणक.

एवढंच होतं.
नाक चोंदलं म्हणून
माणूस सरणावर ठेवायचा होता.

टाइप केलेलं वाक्य खोडलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
सातव्या खांबाची नळी मोकळी करावी.
गंजलेली सळई उघडून दुरुस्ती करावी.
वर चढवायला माणूस सडपातळ पाहावा.
सही केली.

बोटांना चौगुल्यांचं हळकुंड लागलेलं,
कागदाला पिवळा डाग पडला.

अहवाल परत आलाय.
डागाचं कारण देऊन.
नवा, स्वच्छ, टाइप केलेला कागद सोबत जोडलाय,
पहिलंच वाक्य घेऊन.

मी पुन्हा लिहितेय.
तेच.
ह्या वेळी हात धुतलेले नाहीत मुद्दाम.