चौदा साखळ्या

लॉजच्या पत्र्यावर माकडांची दुपारपाळी सुरू झाली
तेव्हा अण्णा म्हणाले, भूक लागली.
आणि गाडी नको. महाबळेश्वरात गाडी लावायला
जागा शोधेपर्यंत खाल्लेलं जिरतं.

काउंटरवरच्या डांग्यांना विचारलं,
चालत जाण्यासारखं, जरा बरं, कुठे मिळेल?
म्हणाले, पाच मिनिटं.
चपलांच्या दुकानातले वारुणकरचाचा, पाच मिनिटं.
घोडेवालाही पाच मिनिटंच म्हणाला,
पण ती घोड्याची होती.
कणसं भाजणारीनं नुसती हनुवटी उचलली :
"ह्ये काय, हाकंवर."
कुणाच्या हाकेवर, ते नाही सांगितलं.

अण्णांच्या डाव्या गुडघ्याला मिनिटं कळत नाहीत.
त्याला पायरी कळते, चढ कळतो,
शेवाळलेली फरशी तर लांबूनच कळते.

मुख्य पेठेत उलथनी तव्यांवर आपटत होती.
पावभाजी, जैन पावभाजी, परत पावभाजी.
छातीशी मेनूकार्ड धरून पोरं रस्त्यात आडवी :
या काका, फॅमिली वर आहे, एसी आहे!
एकशे ऐंशी पदार्थ, प्लॅस्टिकच्या आत.
अण्णांनी चष्मा वर करून
पहिल्यापासून वाचायला घेतले.
पोरगा कंटाळून दुसऱ्या फॅमिलीकडे गेला
तेव्हा ते सूपवर होते.

मग अचानक म्हणाले,
"स्टँडपासून चौदा साखळ्या."
काय?
"खानावळ. घाटाच्या कामावर होतो तेव्हाची.
शंभर फुटी साखळी. पुढचं टोक बाबू जंगम खलाशाकडं,
मागचं माझ्याकडं. एका दुपारी भुकेच्या भरात
मोजूनच काढलं आम्ही. चौदा."

मी छत्री घेतली, बाटली घेतली, त्यांचा दंड धरला.
तीस पावलांना एक साखळी, असा आमचा करार.
दुसऱ्या साखळीला चण्याफुटाण्याचं दुकान.
चौथीला थांबलो. थांबलो असं म्हणायचं नाही,
अण्णा गटाराचा उतार तपासत होते.
सातवीनंतर पेठ संपली,
एकाएकी कुणी "या" म्हणेना.
नवव्या साखळीला पुन्हा उतार तपासला.
वाळत घातलेल्या गणवेशांखालून वाकून गेलो.
अकरा, बारा.
तेराव्या साखळीला ते नुसतेच उभे राहिले,
आणि कशाचाही उतार तपासला नाही.

चौदावर खरंच एक दार होतं.
आत तीन टॅक्सीवाले हात धुऊन निघालेले,
आणि एक बाई ताट घेऊन नुकती बसलेली.
"बंद झालं की ओ."
मग अण्णांच्या पायाकडं बघून,
"या, बसा. आमच्यातली दोन पानं निघत्याल."

लाल घेवड्याची आमटी, नाचणीची भाकरी,
कांदा मुठीनं फोडलेला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटच्या घासाला अण्णांनी विचारलं,
"तानूबाई तुमच्या कोण?"
"कोण तानूबाई?"
"ही खानावळ..."
"ही व्हय? ही आत्ता सा वर्साची. आदी हितं
घोड्याला नाल ठोकायचे."

मला वाटलं, आता यांचं तोंड पडणार.
ते बोट चाटत म्हणाले, "साखळी वापरून ताणते.
कड्या ओढल्या जातात. दर महिन्याला तपासायची असते.
आम्ही कुठली तपासतोय!"
जणू चाळीस वर्षांनी ऑडिटला उत्तर देत होते.

परतताना उतार होता. उतार गुडघ्याला जास्त दुखतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी डांगे आपणहून म्हणाले,
इथेच मागवा ना, खोलीवर देतो, पंजाबी, चायनीज.
मी हो म्हणणार, तेवढ्यात
अण्णा काठी शोधत होते.
"कुठे?"
"तिथंच. बाईंना सांगून आलोय, दोन पानं."
मग दारात थांबून, कामाची दुरुस्ती करावी तसं,
"सव्वाचौदा धर. ताण धरून."